एक सीरम, तीन खिडक्या

चीनला डॉक्टरकी शिकायला निघालेल्या मुलांच्या हातात एक छापील फॉर्म असतो. परदेशी माणसाची शारीरिक तपासणी, असा त्याचा मथळा. वर फोटो आणि त्यावर दवाखान्याचा शिक्का. मग उंची, वजन, रक्तदाब, डोळे, कान. खाली एका चौकटीत आठ नावं: कॉलरा, पीतज्वर, प्लेग, कुष्ठरोग, गुप्तरोग, फुप्फुसाचा क्षय, एड्स आणि मनोविकार. यातलं काही सापडलं का, ते डॉक्टरने लिहायचं, आणि एड्स व सिफिलिसच्या चाचणीचा कागद सोबत जोडायचा. हरियाणातल्या मानेसरच्या ज्या लॅबमध्ये मी रक्ताच्या टेबलावर बसते, तिथे हा फॉर्म घेऊन पटौदी, रेवाडी, धारूहेडा इथली मुलं यायची. सोबत बाप असायचा. प्लेग, कॉलरा वाचेपर्यंत बाप निवांत असे. गुप्तरोगापाशी आला की मुलाकडे न बघता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागे.

फेब्रुवारी २०२० मध्ये अशाच मुलांना घेऊन वुहानहून एअर इंडियाची दोन विमानं दिल्लीत उतरली. १ आणि २ तारखेला मिळून ६४७ भारतीय आणि मालदीवचे ७ जण. त्यांपैकी अडीचशेच्या आसपास लोकांना लष्कराने आमच्या मानेसरमध्ये उभारलेल्या छावणीत ठेवलं, बाकीचे छावल्याच्या आयटीबीपी केंद्रात गेले. आयएमटी या औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांच्या पहिल्या पाळीच्या चहाला तेव्हा दुसरा विषय नव्हता. दोन आठवडे झाले, नमुने निगेटिव्ह आले, मुलं घरी गेली. संसर्ग घेऊन येणाऱ्याला सीमेवर अडवायची ही रीत जुनी आणि तशी सरळ आहे: थांब, दिवस भरू दे, जा.

फॉर्मवरच्या त्या पाचव्या नावाची, त्यातही सिफिलिसची, रीत मात्र निराळी. तो शेजारी बसल्याने लागत नाही, विमानात पसरत नाही, आणि लवकर सापडला तर पेनिसिलीनच्या एका इंजेक्शनने बरा होतो. तरी शंभराहून अधिक वर्षं तो प्लेगच्या पंगतीला बसवलेला आहे. त्याहून चमत्कारिक गोष्ट माझ्या टेबलावरून दिसते. एकाच माणसाचं एकच सीरम अमेरिकेच्या खिडकीत एक निकाल आणतं, कॅनडाच्या खिडकीत थोडा वेगळा, आणि आखाताच्या खिडकीत अगदी तिसराच. जंतू तोच असतो. फरक त्या त्या देशाने हा रोग पहिल्यांदा कोणाच्या अंगावर पाहिला, यात आहे. हा सगळा इतिहास मी आधी कामापुरता वाचला आणि मग थांबता आलं नाही.

मी मूळची मिरजेची. लॅबचं काम तिथेच शिकले. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. वॉनलेस डॉक्टरांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासूनची ती ओळख. शिवाय तिथे कुष्ठरोग्यांसाठीचं रिचर्डसन हॉस्पिटल. ते मुद्दाम सांगते, कारण सिफिलिससाठीच्या व्हीडीआरएल या चाचणीवर आंधळा विश्वास ठेवायचा नाही, हे मी तिथल्या रुग्णांच्या रक्तावरून शिकले. कुष्ठरोग्याचं रक्त कितीतरी वेळा सिफिलिस नसतानाही रिॲक्टिव येतं. मलेरियात येतं, गरोदर बाईचं येतं. नवऱ्याची बदली मानेसरच्या गिअर बनवणाऱ्या कारखान्यात झाली आणि मी हरियाणात आले. तेव्हा होंडाच्या मोटरसायकली इथे बनू लागल्या होत्या, मारुतीचा दुसरा कारखाना यायचा होता, आणि हायवेच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर 'गुप्तरोगी मिलें' अशी निळ्या रंगातली अक्षरं होती. मारुती आली, आठ नंबरच्या हायवेचा नंबर अठ्ठेचाळीस झाला, अक्षरं अजून आहेत.

आमच्याकडून व्हिसाचा अधिकृत रिपोर्ट मिळत नाही. त्यासाठी दिल्लीत त्या त्या वकिलातीने नेमलेले डॉक्टर आहेत, आखातासाठी ठरवून दिलेली केंद्रं आहेत. आमच्याकडे लोक त्याच्या आधी येतात. गुपचूप येतात. 'मॅडमजी, पक्के टेस्ट से पहले एक बार देख लो.' मानेसर, कासन, नखरौला इथल्या भाड्याच्या खोल्यांतून राहणारे फिटर, वेल्डर, सीएनसीवाले. बिहारचे, ओडिशाचे, आपल्या खानदेशातले. एजंटाला पैसे देऊन झालेले असतात आणि पक्क्या चाचणीत 'अनफिट' आलं तर ते बुडतात. म्हणून ही आधीची चाचणी.

आता मागे जाते. आपल्याकडे सरकारने गुप्तरोगासाठी लोकांची तपासणी सुरू केली ती परदेशी जाणाऱ्यांची नव्हे, छावणीतल्या बायकांची. १८६४ चा छावणी कायदा आणि १८६८ चा सांसर्गिक रोग कायदा, हे त्यामागचे दोन कायदे. गोरा शिपाई आजारी पडतो, म्हणजे पलटणीचं नुकसान; तेव्हा छावणीच्या बाजारातल्या बायकांची नोंदणी करायची, त्यांची ठरावीक मुदतीने तपासणी करायची, आणि रोग दिसला तर बरी झाल्याचा दाखला मिळेपर्यंत लॉक हॉस्पिटलात ठेवायचं. पुण्याला आणि खडकीला अशी इस्पितळं होती. मुंबई शहरात कायदा १८७० मध्ये लागू झाला, १८७२ मध्ये थांबला, १८८० मध्ये पुन्हा आला. नोंद टाळायला बायका शहर सोडून जात. शिपायाला मात्र अशी सक्ती नव्हती. इंग्लंडात जोसेफीन बटलर यांनी या कायद्यांविरुद्ध वर्षानुवर्षं रान उठवलं आणि १८८८ मध्ये इथलाही कायदा रद्द झाला. कागदावर रद्द झाला, असं म्हणायला हवं, कारण १८९१-९२ च्या हिवाळ्यात केट बुशनेल आणि एलिझाबेथ अँड्र्यू या दोन अमेरिकन बाया छावण्याछावण्यांतून फिरल्या, बायकांशी बोलल्या, तर तपासण्या चालूच होत्या.

या काळात समुद्रापलीकडे जाणाऱ्या मराठी माणसाला काय विचारत? कोकणातून, साताऱ्याकडून माणसं मुंबई बंदरातून मॉरिशसला गिरमिटावर गेली. कास्कावेलसारख्या गावात त्यांचे वंशज आजही मराठी सण करतात. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर ती उतरली, तो आप्रवासी घाट आता जागतिक वारसा आहे आणि तिथे इस्पितळाच्या खोल्या दाखवतात. गिरमिटियाच्या पासवर डॉक्टर लिहून द्यायचा की हा इसम शरीराने व मनाने निरोगी असून जाण्यास लायक आहे. लायकीचा अर्थ मुख्यतः ऊस तोडायची ताकद. दंड, छाती, दात, ताप. बैलाची पारख करतात तशी ती तपासणी होती. माणसाची अब्रू तिच्या कक्षेबाहेर होती.

आणि आनंदीबाई जोशी? त्या जून १८८३ मध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. अमेरिकेचा आदल्या वर्षीचा कायदा वेडे, गुन्हेगार आणि पोट भरू न शकणारे यांना अडवत होता. रोगाचं नाव त्यात नव्हतं. आनंदीबाई शिकून १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या, परत आल्या, गेल्या. आणखी काही वर्षांनी निघाल्या असत्या तर त्यांच्यासाठी वेगळा दरवाजा असता. मार्च १८९१ मध्ये अमेरिकन काँग्रेसने नवा कायदा केला आणि त्यात अडवायच्या लोकांत 'किळसवाण्या किंवा धोकादायक सांसर्गिक रोगाने' ग्रासलेले लोक आले. पुढच्याच वर्षी, १ जानेवारी १८९२ ला, न्यूयॉर्क बंदरात येणाऱ्यांना तपासणारं एलिस बेट सुरू झालं.

या कलमातल्या दोन विशेषणांपाशी मी बराच वेळ थांबले, कारण पुढे डॉक्टरांच्या सूचनापुस्तकात रोगांची वाटणी त्यांच्यावरूनच झाली. खुपऱ्या आणि फुप्फुसाचा क्षय हे धोकादायक. सिफिलिस, परमा, कुष्ठरोग आणि डोक्यातला खवडा हे किळसवाणे. म्हणजे डॉक्टरच्या हातात आलेल्या यादीत रोगाचा एक गट तो किती पसरतो यावर ठरला आणि दुसरा बघणाऱ्याला काय वाटतं यावर. 'क्लास ए' आणि 'क्लास बी' ही अक्षरंही त्याच जमान्यातली. आजच्या अमेरिकन व्हिसाच्या तपासणीत ती अजून वापरतात, अर्थ बराच बदललेला आहे एवढंच.

गंमत अशी की एलिस बेटावर हा किळसवाणा रोग फारसा सापडतच नसे. जिन्यावरून येणाऱ्या रांगेकडे डॉक्टर काही सेकंद बघायचा. खुपऱ्यांसाठी पापणी उलटायचा, संशय आला की कोटावर खडूने अक्षर काढायचं. सिफिलिससाठी कपडे उतरवायला हवेत, आणि दिवसाला हजारो माणसं उतरत असताना ते शक्य नव्हतं. पहिल्या-दुसऱ्या वर्गाच्या उतारूंना तर जहाजावरच नजरेखालून घालून सोडत; रोग म्हणे स्टीअरेजमध्ये, तळाच्या वर्गात असतो. पश्चिम किनाऱ्यावर एंजल बेट १९१० मध्ये सुरू झालं. तिथे पंजाबातून आलेल्या हिंदी मजुरांना अडवायला आकडीचा जंत पुरला. शौचाची तपासणी करून परत पाठवायचं. पुढे १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानच नकाशावर बंद केला, तेव्हा जंतांचीही गरज उरली नाही.

सिफिलिस दिसू लागला तो रक्तात. १९०५ मध्ये बर्लिनला शाउडिन आणि हॉफमन यांना जंतू सापडला आणि १९०६ मध्ये तिथेच ऑगस्ट वासरमन यांनी चाचणी काढली. त्या चाचणीची कृती मी विद्यार्थिनी असताना जुन्या पुस्तकात वाचली तेव्हा हात जोडले होते. मेंढीच्या तांबड्या पेशी, गिनी पिगचं सीरम, सशाच्या अंगात तयार केलेलं प्रतिद्रव्य, आणि अँटिजेन म्हणून सिफिलिसने मेलेल्या अर्भकाच्या यकृताचा अर्क. सगळं रोज ताजं आणि मोजून. एवढा खटाटोप केल्यावर लोकांच्या लक्षात आलं की निरोगी बैलाच्या हृदयाचा अर्क वापरला तरी चाचणी तेवढीच चालते! म्हणजे ती जंतू पकडतच नव्हती. आजारात शरीराची पडझड होते आणि रक्तात काही प्रतिद्रव्यं येतात, ती ती पकडत होती. मग कुष्ठरोगात आणि मलेरियातही ती फसणारच. मलेरियाने पिचलेल्या देशांतल्या माणसाचं रक्त या चाचणीपुढे आधीपासूनच संशयित ठरत होतं. पण एकदा नळीतल्या रंगाने निकाल लागू लागला की तो रंग सत्य होऊन बसतो. कपडे उतरवायची गरज संपली. हातातून पाच सीसी रक्त काढलं की माणसाचं खासगी आयुष्य टेबलावर. माझ्या मते या इतिहासातलं खरं वळण हेच आहे, कायदा नव्हे.

चाचणी हळूहळू सोपी झाली. जुन्या डॉक्टरांच्या तोंडी अजून 'काहन' हे नाव येतं, ते रूबेन काहन यांचं. हे गृहस्थ स्वतः लहानपणी लिथुआनियाकडून अमेरिकेत आलेले स्थलांतरित. १९४१ मध्ये मेरी पँगबॉर्न या बाईंनी बैलाच्या हृदयातून कार्डिओलिपिन शुद्ध रूपात वेगळं काढलं आणि सगळ्या जगाला एकसारखं अँटिजेन मिळालं. १९४६ मध्ये व्हीडीआरएल आली. आमच्या टेबलावर ती अशी होते: सीरम ५६ अंशांवर अर्धा तास तापवायचं, काचपट्टीवरच्या गोलात त्याचा थेंब, त्यात अँटिजेनचा थेंब, रोटेटरवर चार मिनिटं, आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं. कण सुटे दिसले तर नॉन-रिॲक्टिव, गुठळ्या दिसल्या तर रिॲक्टिव. मग सीरम दुप्पट-दुप्पट पातळ करत कुठपर्यंत गुठळी टिकते ते बघायचं. आता बहुतेक ठिकाणी कोळशाचे कण घातलेली आरपीआर वापरतात, ती नुसत्या डोळ्यांनी कळते.

व्हीडीआरएल हे नाव ज्या गुप्तरोग संशोधन प्रयोगशाळेवरून पडलं, ती न्यूयॉर्क बंदराच्या तोंडाशी असलेल्या स्टेटन बेटावरच्या मरीन हॉस्पिटलात होती. त्याच हॉस्पिटलात १९४३ मध्ये जॉन महोनी यांनी चार रुग्णांना पेनिसिलीन दिलं आणि सिफिलिस बरा करून दाखवला. हे हॉस्पिटल अमेरिकेच्या त्याच आरोग्य सेवेचं, जिचे डॉक्टर एलिस बेटावर खडूची अक्षरं काढत. ज्या बंदरात हा रोग कलंक म्हणून कायद्यात चढला, त्याच बंदरात तो इंजेक्शनने बरा होणाऱ्या रोगांत आला.

कायद्याला हे कळायला वेळ लागला. मधल्या काळात मुख्य बदल झाला तो जागेचा. १९२४ च्या कायद्याने व्हिसा आधी घ्यायचा नियम केला आणि १९२५ पासून अमेरिकन डॉक्टर युरोपातल्या वकिलातींत बसून निघण्याआधीच तपासू लागले. आत्तापर्यंत माणूस समुद्र ओलांडून जायचा आणि पलीकडे अडायचा. आता सीमा त्याच्या गावी आली. याची एक चांगली बाजू होती, अर्ध्या जगावरून परत यायची वेळ टळली. वाईट बाजू भारतीय कुटुंबांना पुढे कळली. एलिस बेटावर नापास झालेल्या माणसाला तिथे ओळखणारं कोणी नव्हतं. आपल्या शहरातल्या दवाखान्यात नापास झालेल्याबरोबर मेव्हणा आलेला असतो.

आपल्याकडे या विषयावर उघड बोलणारा माणूस होता, रघुनाथ धोंडो कर्वे. १९२७ पासून १९५३ पर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' चालवलं, गुप्तरोगांपासून बचावावर पुस्तक लिहिलं, आणि त्याबद्दल कोर्टकचेऱ्या व शिव्या खाल्ल्या. गुप्तरोग हा रोग आहे, पापाची शिक्षा नव्हे, एवढंच त्यांचं म्हणणं. मिरजेला आमच्या शेजारच्या वकिलांकडे 'समाजस्वास्थ्य'चे जुने अंक बांधून ठेवलेले होते. कपाटाच्या वरच्या खणात, मुलांच्या हाताला लागू नयेत म्हणून. आमच्या हाताला ते अर्थातच लागले.

१९७९ च्या जानेवारीतली एक घटना इथे सांगायलाच हवी, जरी ती रोगाची नाही. लग्नासाठी लंडनला गेलेल्या एका भारतीय बाईची हीथ्रो विमानतळावर कौमार्य तपासणी झाली. ती खरोखर अविवाहित आहे का, हे ठरवायला. 'गार्डियन'ने बातमी छापली, संसदेत गदारोळ झाला, प्रकार बंद झाला. कित्येक वर्षांनी सरकारी कागद उघडले तेव्हा कळलं की अशा तपासण्या उपखंडातल्या ब्रिटिश कचेऱ्यांतही झाल्या होत्या, निदान ऐंशी बायकांच्या, आणि त्यात दिल्ली होती. छावणीच्या लॉक हॉस्पिटलापासून इथपर्यंतची वाट लांब नाही.

मग एड्स आला आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. अमेरिकेने १९८७ मध्ये एचआयव्ही यादीत घातला, १९९३ मध्ये काँग्रेसने त्यावर कायद्याचा शिक्का मारला. १९८९ मध्ये हान्स पॉल फेरहूफ हा डच माणूस एड्सच्या परिषदेला निघाला असताना मिनिॲपोलिसला सामानात औषध सापडलं म्हणून कोठडीत गेला. १९९२ ची जागतिक एड्स परिषद बोस्टनहून ॲमस्टरडॅमला हलवावी लागली. बंदी उठली ४ जानेवारी २०१० ला.

आपण मात्र दुसऱ्याला नावं ठेवायला मोकळे नाही. भारतातला पहिला एचआयव्ही १९८६ मध्ये चेन्नईत सापडला. डॉक्टर सुनीती सॉलोमन यांच्या सांगण्यावरून त्यांची विद्यार्थिनी निर्मला हिने वेश्याव्यवसायातल्या बायकांचे नमुने गोळा केले होते. सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत चामड्याच्या व्यापारात असलेल्या मराठी घरातल्या, हे आपल्याकडे फार कमी जणांना ठाऊक असतं. त्यांनी पुढे आयुष्यभर रुग्णांना जवळ घेतलं. सरकारने त्याच सुमाराला परदेशी विद्यार्थ्यांना चाचणी सक्तीची केली, आणि नजर होती ती आफ्रिकेतून आलेल्यांवर. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे प्रमुख पेंटल यांनी तर १९८८ मध्ये भारतीयांनी परदेशी माणसाशी शरीरसंबंध ठेवण्यावर कायद्याने बंदी घालावी असं सुचवलं. खडू आता आपल्या हातात होता.

गोव्यात काय झालं ते 'माय ब्रदर निखिल' पाहिलेल्यांना अंधुक आठवत असेल. डॉमिनिक डिसोझा नियमित रक्तदान करायचा. त्या रक्तातून निदान झालं, आणि १४ फेब्रुवारी १९८९ ला पोलिसांनी त्याला उचलून म्हापशाच्या जुन्या क्षयरोग इस्पितळात कोंडलं. चौसष्ट दिवस. गोव्याचा सार्वजनिक आरोग्य कायदा तेव्हा एचआयव्ही असलेल्याला अलग ठेवायला सांगत होता. त्याची आई लुसी कोर्टात गेली, लॉयर्स कलेक्टिव्हचे आनंद ग्रोव्हर उभे राहिले. मुंबई उच्च न्यायालयाने अलगीकरणाचं कलम वैध ठरवलं. तोवर कायद्यातली सक्ती सैल करून ती सरकारच्या मर्जीवर ठेवली गेली होती. डॉमिनिकने १९९२ मध्ये 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था काढली आणि त्याच वर्षी मे महिन्यात तो गेला. परदेशी माणसांवर एचआयव्हीमुळे प्रवासबंदी नाही, असं भारताने स्पष्ट केलं ते २०१० मध्ये. भेदभावाविरुद्धचा आपला कायदा २०१७ चा, लागू झाला १० सप्टेंबर २०१८ ला.

तर आजच्या खिडक्या. अमेरिकेने १९९० मध्ये कायद्याची भाषा बदलली. आता 'सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाचे संसर्गजन्य रोग' म्हणतात. २०१६ मध्ये गुप्तरोगांपैकी तीन, जे आता विरळ झालेत, ते यादीतून गेले. उरले सिफिलिस आणि परमा. ग्रीन कार्डावर जाणाऱ्या माणसाला उपचार न झालेला सिफिलिस निघाला तर तो क्लास ए, म्हणजे व्हिसा नाही. पण नेमलेल्या डॉक्टरकडून उपचार पुरे झाले की तोच माणूस क्लास बी होतो आणि जातो. काही आठवडे लांबतं, फार तर मुलाखतीची तारीख हुकते. आयुष्यभर बंदी नाही. घाबरून अर्जच न करणारे लोक मी पाहिलेत, त्यांच्यासाठी हे ठळक लिहिते. कॅनडाची रीतही साधारण अशीच: १५ वर्षं पूर्ण झालेल्यांची सिफिलिस व एचआयव्ही चाचणी, आणि सिफिलिसचे उपचार दाखवले की वाट मोकळी. हे दोन्ही देश माणसाला कायमचं घेतात, म्हणून तो पुढे सुधारेल का, याचा हिशेब करतात.

आखाताची खिडकी माणसाला दोन वर्षांच्या करारावर घेते. तिचा हिशेब मॉरिशसच्या धक्क्यावरच्या हिशेबाला जवळचा, त्यात अब्रूची भर. तिथल्या तपासणीच्या यंत्रणेला आधी गामका म्हणत, आता वाफिद. स्लिप ऑनलाइन निघते, केंद्र बहुधा यंत्रणाच ठरवते, आणि रक्तात एचआयव्ही, कावीळ बी व सी, सिफिलिस, शिवाय छातीचा फोटो. शेरा 'फिट' किंवा 'अनफिट', आणि तो संगणकावर त्यातल्या सगळ्या आखाती देशांना दिसतो. क्लास बीसारखी मधली पायरी तिथे कामगाराच्या वाट्याला सहसा येत नाही.

यात रक्ताचा एक स्वभाव आडवा येतो. सिफिलिस बरा झाल्यावर व्हीडीआरएल उतरत जाते, कधी अगदी खाली येऊन तिथेच चिकटते. पण टीपीएचए ही खात्रीची चाचणी बहुधा जन्मभर पॉझिटिव्ह राहते. बऱ्या झालेल्या माणसाचं रक्तही ती आठवण सांगतच राहतं. अमेरिकन डॉक्टर ती आठवण उपचाराच्या कागदाशेजारी ठेवून वाचतो. दुसऱ्या खिडकीत कागद वाचला जाईलच असं नाही.

मागे भुसावळकडचा एक वेल्डर आला होता. ओळख पटेल असं काही लिहीत नाही. आयटीआय झालेला, इथल्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये कंत्राटी. व्हीडीआरएल एकास दोन, टीपीएचए पॉझिटिव्ह. मराठी ऐकून त्याने दार लोटून घेतलं.

"काकू, हे बरं झालेलं आहे. चार वर्षांमागं जखम झाली होती, सुई घेतली, गेली."

"सुई कोणी दिली?"

"गल्लीतल्या बंगाली डॉक्टरनं."

"कागद?"

कागद नव्हता. गल्लीतला डॉक्टर डिग्रीवाला नसतो, तो चिठ्ठी देत नाही, म्हणून तर लोक त्याच्याकडे जातात. सुई बहुधा बरोबरच होती. उतरलेला आकडा तेच सांगत होता. पण तारीख, औषध, मात्रा यांपैकी काहीही नाही, तेव्हा कुठलाही डॉक्टर त्याला बरा झालेला धरणार नाही. मी त्याला जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकला जायला सांगितलं. तिथे उपचार फुकट असतात. लक्षणांप्रमाणे रंगीत किट, जखमेचं पांढरं, त्यात बेंझाथिन पेनिसिलीन. नोंद नाही म्हटल्यावर तिथल्या डॉक्टरांनी जुना संसर्ग धरला आणि आठवड्याच्या अंतराने तीन सुया दिल्या, प्रत्येक वेळी कार्डावर सही-शिक्का. बायकोलाही तपासायला बोलवा म्हणाले. ती गावी होती. ते पटवायला त्याला तिन्ही सुयांपेक्षा जास्त दिवस लागले. ती भुसावळलाच तपासून घेऊन निगेटिव्ह निघाली.

कार्ड पुरं झाल्यावर तो ते प्लास्टिकमध्ये घालून दाखवायला आला. मी त्याला तिन्ही खिडक्या समजावून सांगितल्या, तो जाऊ पाहत होता त्या कतारचं काय होईल ते मी सांगू शकत नाही हेही सांगितलं. त्याने विचारलं, जिथे हे विचारतच नाहीत असा देश आहे का? आहे, म्हटलं. ब्रिटन. तिथल्या लांब मुदतीच्या व्हिसाला भारतातून फक्त क्षयाची तपासणी लागते, छातीचा फोटो.

"मग एजंटला इंग्लंडचं बोलू का?" तो म्हणाला, आणि लगेच स्वतःच हसला. "पण काकू, तिथं इंग्रजीची परीक्षा लागते ना?"